मायनस साडेतीन

नाशिकच्या जेल रोडला राहणाऱ्यांना तोफांचा आवाज नवा नाही. देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडकीची काच थरथरते आणि आजी दर वेळी न चुकता म्हणते, "झाले सुरू." इथल्याच गांधीनगरच्या लष्करी धावपट्टीवरून उठलेली चीता-चेतक हेलिकॉप्टरं गच्चीवरून जायची, तेव्हा मी वाळत घातलेल्या कपड्यांमधून बाहेर येऊन दोन्ही हात हलवायचे. आत बसलेल्याला दिसत असेल की नाही, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. पुढे मलाच दिसेनासं झालं. सहावीत फळ्यावरची बेरीज धूसर व्हायला लागली, बाईंनी पुढच्या बाकावर बसवलं, पप्पा डोळे तपासायला घेऊन गेले आणि चष्मा आला. शेजारचे काका मला बघून म्हणाले, "गेलं हिचं मिलिटरीचं."

काकांचं चूक नव्हतं, अर्धवट होतं. आमच्याकडे भरती म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती मैदानावरची जवानांची भरती. पहाटे चारला रांग, सोळाशे मीटर धावणं, छाती फुगवून दाखवणं. अधिकाऱ्यांच्या प्रवेशाचे नियम वेगळे असतात आणि तेही एकच नसून प्रवेशागणिक वेगळे असतात, हे सांगणारं आमच्या गल्लीत कोणी नव्हतं. मला ते कळलं एनसीसीच्या कॅम्पमध्ये. आमच्या कॅम्पला आलेल्या एका लेफ्टनंट कर्नल सरांना जाड फ्रेमचा चष्मा होता. पॉइंट टू-टू रायफलवर माझं ग्रुपिंग बरं आलं म्हणून ते जवळ आले आणि म्हणाले, "चश्मा है तो क्या, निशाना तो ठीक है." त्या रात्री टेंटमध्ये पडल्या पडल्या मी फोनवर सीडीएसची, म्हणजे पदवीनंतर लष्करी अधिकारी होण्यासाठीच्या लेखी परीक्षेची, जाहिरात उघडली आणि शेवटच्या पानांतलं मेडिकलचं परिशिष्ट पहिल्यांदा वाचलं.

ते वाचायला हवं. सगळे वय, पात्रता आणि फी बघतात आणि परिशिष्ट सोडून देतात. त्यात एक तक्ता आहे. बारावीनंतरच्या लष्करी प्रवेशांना चष्म्याशिवाय निदान ६/३६ दिसलं पाहिजे (खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी) आणि मायोपिया, म्हणजे मायनस नंबर, अडीचच्या आत हवा. पदवीनंतरच्या प्रवेशांना, म्हणजे आयएमए आणि ओटीए या अधिकारी घडवणाऱ्या अकादम्या, एनसीसी स्पेशल एन्ट्री वगैरेंना, चष्म्याशिवाय ६/६० चालतं आणि मर्यादा मायनस साडेतीन. जॅगसारख्या, म्हणजे लष्कराच्या कायदा शाखेच्या प्रवेशाला ती साडेपाचपर्यंत जाते. चष्मा लावल्यावर मात्र सगळ्यांना दोन्ही डोळ्यांनी ६/६ वाचता आलंच पाहिजे. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला मायोपिया अजिबात चालत नाही, तो विषय मी तिथेच मिटवला. बारावीनंतरची एनडीए मुलींना उघडली ती २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, आणि माझी बारावी त्याआधीच उरकली होती. राहिली चेन्नईची ओटीए.

माझा नंबर सव्वातीन होता. साडेतीनच्या आत. मी खुशीत अभ्यासाला लागले.

ओटीएला गणिताचा पेपर नसतो, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोनच असतात. त्यामुळे लेखी परीक्षा पहिल्याच वेळी निघाली. एसएसबीसाठी, म्हणजे पाच दिवसांच्या निवड-मुलाखतीसाठी, भोपाळ मिळालं. नाशिकरोडला सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्रभरातून मुलंमुली तिथे एसएसबीच्या तयारीला येतात, राहणं-जेवण मोफत. माझ्या घरापासून ते रिक्षाने दहा मिनिटांवर, तरी मी तिथे राहायला गेले, कारण घरी राहून आजीच्या मालिकांपुढे ग्रुप डिस्कशनची तयारी होत नाही. तिथे पहिल्याच आठवड्यात एका निवृत्त सरांनी सगळ्यांना चष्म्याचे कागद आणायला सांगितले. माझा कागद त्यांनी हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिला.

"नंबर किती म्हणालीस?"

"सव्वातीन, सर."

"आणि हे शेजारचं काय आहे?"

शेजारच्या रकान्यात सिलिंडर होतं, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा, डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा नंबर. उजवा डोळा मायनस ३.२५, सिलिंडर मायनस ०.७५. डावा मायनस ३.००, सिलिंडर तेवढंच. दहा वर्षं चष्मा लावते, पण त्या रकान्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. दुकानदार पहिला आकडा सांगायचा, तोच मी जगाला सांगायचे. तक्त्यात स्पष्ट लिहिलंय की साडेतीनची मर्यादा अ‍ॅस्टिग्मॅटिझम धरून आहे. सरांनी पेन्सिलीने कागदाच्या कडेला बेरीज केली. उजवा चार. डावा पावणेचार.

सर कागद परत देत म्हणाले, "आज कळलं हे बरं झालं. भोपाळला कळलं असतं तर?"

मला त्यात बरं काहीच दिसेना. एसएसबीला पाच आठवडे होते.

घरी ही बातमी पोचल्यावर जे झालं ते कुठल्याही मराठी घरात होईल तेच. आजीने पहाटे दवातल्या गवतावर अनवाणी चालायला सांगितलं. मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर त्राटकाचा व्हिडिओ पाठवला. आईने गाजरं आणली, दोन किलो. काकांनी आपलं जुनं वाक्य पुन्हा ऐकवलं नाही, एवढी माणुसकी दाखवली. मैत्रिणीने लेसिकचं सुचवलं आणि मी रात्रभर त्याचे नियम वाचले. पदवीनंतरच्या प्रवेशांना लेसिक चालतं, पण ऑपरेशन वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यावर केलेलं असावं, त्याला बारा महिने उलटलेले असावेत, कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची, जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी, डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरच्या आत असावी, पडदा निरोगी असावा आणि उरलेला नंबर एकच्या आत असावा. बारा महिन्यांपाशीच माझं गणित संपलं. शिवाय खर्च ६० हजारांच्या घरात. पप्पा म्हणाले, "पैशाचं बघू," म्हणजे पैसे नव्हते.

पप्पा प्रेसमध्ये आहेत. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की कोणती ते सांगावं लागत नाही. छापलेल्या शीटमधला दोष शोधण्यात त्यांची वीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे नजर या गोष्टीबद्दल त्यांचं स्वतःचं एक मत आहे. त्यांनी माझे गेल्या चार वर्षांतले कागद जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "प्रत्येक वेळी पाव वाढलाय. आणि प्रत्येक वेळी दुकानात तपासलाय. डॉक्टरकडे एकदा तरी गेलो का आपण?"

नव्हतो गेलो. दुकानात कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळायचे, तेही फुकट. हनुवटी टेकवायची, आतमध्ये रस्त्याच्या टोकाला एक रंगीत फुगा दिसायचा, मशीनमधून कागदाची पट्टी यायची आणि तोच नंबर चष्म्यात. मी दुकानाचं नाव घेणार नाही. आपणच फुकटच्या मागे गेलो.

शालिमारजवळच्या एका नेत्रतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी आधी नंबर तपासलाच नाही. अभ्यास किती तास, फोन किती, डोकं दुखतं का, संध्याकाळी दूरच्या पाट्या धूसर होतात का, हेच विचारत बसल्या. मग म्हणाल्या, "तुझा नंबर किती हे आज मी सांगणार नाही. आधी डोळा ढिला करू."

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. जवळचं बघताना डोळ्यातला एक स्नायू आवळतो आणि आतली लेन्स फुगते. दिवसदिवस पुस्तकात आणि फोनमध्ये डोकं घातलं की तो स्नायू आवळलेलाच राहतो, दूर बघतानाही पुरता सुटत नाही. अशा डोळ्यावर मशीन लावलं की ते जास्त मायनस दाखवतं. गंमत अशी की जास्त मायनसचा चष्मा तरुण डोळ्याला चालून जातो. लेन्स आणखी थोडी फुगते, अक्षरं उलट जास्त काळी, जास्त टोकदार दिसतात आणि माणूस दुकानात म्हणतो, "हां, हे मस्त." मी दर वेळी असंच म्हणाले होते.

मग थेंब. दर दहा मिनिटांनी एकदा, असे तीन वेळा. पहिला थेंब चांगलाच झोंबतो. बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसले. समोरच्या टीव्हीवर मराठी बातम्या चालू होत्या, त्या नुसत्या ऐकल्या. तासाभराने फोन हातात घेतला तर पडद्यावरची अक्षरं पसरून गेलेली, आईचा मेसेज वाचता येईना. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी, ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तो मला वाचून दाखवला: "काय म्हणाल्या? भाकरी टाकू का?"

आत अंधार होता. मॅडमनी जड ट्रायल फ्रेम नाकावर चढवली, हातातल्या यंत्राची उभी प्रकाशाची रेघ माझ्या बुबुळावरून डावीकडे-उजवीकडे फिरवली, आणि खण्‌-खण्‌ करत एकेक भिंग फ्रेममध्ये सरकवत गेल्या. मी काहीच बोलायचं नव्हतं. डोळा स्वतःच उत्तर देत होता म्हणे. मग तक्ता. "हे बरं का हे? पहिलं का दुसरं?" मी घाईने "दुसरं" म्हणाले की त्या पुन्हा पहिलं लावायच्या. मला वाटलं होतं परीक्षेसारखं पटापट उत्तर द्यायचं. त्या म्हणाल्या, "इथे मार्क नाहीत गं. दिसतंय ते सांग."

रिक्षातून घरी येताना दुपारचं ऊन असं डोळ्यांत घुसलं की पप्पांचा काळा गॉगल लावूनही मी ओढणीत तोंड लपवून बसले. तीन दिवसांनी थेंबांचा असर पूर्ण उतरल्यावर परत बोलावलं आणि मग कागद मिळाला. उजवा मायनस २.७५, सिलिंडर मायनस ०.५०. डावा मायनस २.५०, सिलिंडर मायनस ०.७५. दोन्हीकडे बेरीज सव्वातीन.

मी मॅडमना म्हटलं, "नंबर कमी झाला!" त्यांनी लगेच थांबवलं. "कमी काही झाला नाही. तुझा होता तेवढाच आहे. वरचा उगाच लावलेला काढला." आणि हेही बजावलं की माझा हा कागद लष्कराच्या मेडिकल बोर्डापुढे चालणार नाही, ते त्यांचे डोळे तपासतील तसे तपासतील. नवा चष्मा दिवसभर लावायचा, वाचताना मधून मधून खिडकीबाहेर बघायचं, एवढंच त्यांनी सांगितलं.

पहिले आठ दिवस नवा चष्मा आवडला नाही. द्वारकेच्या पुलावरच्या पाट्या मऊ दिसायच्या, जुन्या चष्म्याची ती कडक धार नव्हती. मग एका सकाळी मुक्तिधामच्या कळसावरचा झेंडा नीट दिसला आणि मी जुना चष्मा आईकडे देऊन टाकला. कपाटात ठेव म्हटलं, मला सापडेल असा ठेवू नकोस.

आता दुसरी अट उरली होती, चष्म्याशिवाय ६/६०. ६/६० म्हणजे तक्त्यावरचं सगळ्यात वरचं एकटं अक्षर, सहा मीटरवरून. धडधाकट नजरेच्या माणसाला ते साठ मीटरवरून दिसतं. पप्पांनी कुठून तरी शोधून काढलं की त्या अक्षराची उंची साधारण ८७ मिलिमीटर असते. मग काय, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी पट्टी आणि काळ्या मार्करने बारा अक्षरं काढली, प्रत्येकी ८७ मिलिमीटर, कडा अशा सरळ की प्रेसमधून छापून आणल्यासारख्या. आमच्या हॉलमध्ये सहा मीटर बसेनात. टेपने मोजलं तर बाल्कनीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पाच मीटर दहा. शेवटी मी घराबाहेर जिन्याच्या चौकात, दार उघडं आणि आई आत ट्यूबलाइटखाली अक्षर धरून उभी, असं जमलं. वरच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन मधून गेल्या तेव्हा परीक्षा थांबायची.

"ई," मी म्हणायचे.

"बी आहे," आई म्हणायची, आणि हसायची.

"डोळे बारीक करू नकोस," आतून पप्पा. हीच खरी सवय मोडायची होती. चष्मेवाले चष्मा काढला की नकळत डोळे मिचकावतात, पापण्यांच्या फटीतून थोडं स्पष्ट दिसतं म्हणून. बोर्डात ते चालत नाही. सरावाने नजर सुधारत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण डोळे सताड उघडे ठेवून, जे दिसतंय ते न घाबरता सांगायला मी त्या जिन्यात शिकले. उजव्या उघड्या डोळ्याने बारापैकी अकरा आली. डाव्याने बाराही.

एसएसबीबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पंजाब मेलने गेले, पहिल्या दिवशीच्या स्क्रीनिंगमध्ये टिकले. चष्म्यापुरतं एक सांगते. इंडिव्हिज्युअल ऑब्स्टॅकल्सना दहा अडथळे आणि तीन मिनिटं असतात. टारझन स्विंगच्या दोरीवर चष्मा नाकावरून घसरला की तो सावरायला तिसरा हात नसतो. आईने माझ्या शाळेच्या जुन्या स्कर्टातलं इलॅस्टिक काढून चष्म्याच्या दोन्ही दांड्यांना मागून शिवून दिलं होतं, निळ्या दोऱ्याने. बाकीच्या दोन चष्मेवाल्या मुलींकडे दुकानातले स्ट्रॅप होते. माझं इलॅस्टिक बघून मैदानी चाचण्या घेणाऱ्या जीटीओ सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ते बोलले नाहीत. सात अडथळे झाले. पाचव्या दिवशी पास झालेल्यांत माझा चेस्ट नंबर पुकारला.

मेडिकल तिथल्याच मिलिटरी हॉस्पिटलला. रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी, दातांचे चौदा पॉइंट मोजणं, सगळं रांगेत. डोळ्यांच्या ओपीडीबाहेर आम्ही नऊजण बसलो होतो आणि कोणीच फोनमध्ये बघत नव्हतं. माझा नंबर आला. तक्ता पाठीमागे होता आणि समोर आरसा, खोली लहान असली की असं करतात. हे मला घरच्या जिन्याने शिकवलं नव्हतं. क्षणभर गडबडले.

"लेफ्ट आय कवर. हथेली से, उंगली से नहीं. आँख मत मिचकाओ."

चष्मा टेबलावर ठेवला. आरशात एक करडा ढग, त्यात वर एक गडद ठिपका. ठिपक्याकडे बघत राहिले. आईचा ट्यूबलाइट आठवला. ठिपक्याला डावीकडे काठी होती आणि तीन दात होते.

"ई."

"नेक्स्ट आय."

मग चष्मा लावून ६/६ ची ओळ, दोन्ही डोळ्यांनी. मग रंगांच्या ठिपक्यांचं इशिहाराचं पुस्तक. त्यातलं पहिलं बारा सगळ्यांनाच दिसतं, पुढची पानं खरी. मग पुन्हा थेंब, पुन्हा अंधार, पुन्हा ती उभी रेघ. डॉक्टर मेजर मॅडम होत्या. त्यांनी शेजारच्या सहायकाला आकडे सांगितले, मी श्वास रोखून ऐकले: मायनस टू सेव्हन फाइव्ह, मायनस पॉइंट फाइव्ह. शालिमारच्या मॅडमचाच कागद जणू कोणी वाचून दाखवला.

बाहेर येऊन पप्पांना फोन लावला. थेंबांमुळे नंबर दिसत नव्हता, शेजारच्या मुलीने लावून दिला. "डोळे पास," एवढंच मी म्हणाले. पलीकडे काही वेळ नुसता मशिनचा आवाज येत राहिला.

शेवटच्या दिवशी बोर्डाच्या अध्यक्षांनी बोलावलं. कागदावर लिहिलं होतं टेम्पररी अनफिट. कारण: दोन्ही कानांत मळ, पडदा दिसत नाही.

मला हसू आवरेना. त्यांनी वर बघितलं, मग मी आवरलं. बेचाळीस दिवसांच्या आत अपील मेडिकल बोर्डापुढे यायचं, असं सांगून सही घेतली. पाच आठवडे आख्खं घर माझ्या डोळ्यांत बघत होतं. कानाकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. नाशिकला परतल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाच दिवस थेंब टाकायला लावले आणि मग दहा मिनिटांत कान साफ केले. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला अपील झालं. पहाटेच्या एसटीने सिन्नर-संगमनेर करत गेले, दुपारी फिट होऊन त्याच रस्त्याने परत, नारायणगावला मिसळ खाल्ली.

मेरिट लिस्टमध्ये नाव आलं नाही. फिट असणं आणि निवड होणं यांत अजून एक पायरी असते, ती माझी हुकली. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. या गांधीनगरमध्येच मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये पाच मुली ओटीएतून पहिल्यांदा तोफखान्यात गेल्या, ज्या तोफखान्याचं स्कूल देवळालीला आहे. त्या दोन दिवसांत खिडकीची काच थरथरली की मी दुसऱ्या खोलीत जायचे.

पुढची लेखी दिली आहे, निघाली आहे, पुन्हा भोपाळच आहे. गेल्या आठवड्यात शालिमारच्या मॅडमकडे जाऊन आले, नंबर तोच. पप्पांनी ती बारा अक्षरं टाकून दिली नव्हती, कपाटावर गुंडाळी करून ठेवली आहेत. आई मात्र डोळ्यांबद्दल आता चकार शब्द काढत नाही. दर रविवारी अंघोळीनंतर मला खिडकीपाशी उजेडात उभं करते आणि म्हणते, "मान वाकडी कर. कान दाखव."